बडोद्याचा लाँग वीकेंड: सोमवार, सेव-उसळ आणि तीन घरची जेवणं

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचं कुणी ना कुणी बडोद्यात असतं. मावशी, आत्या, चुलतसासरे, नाहीतर मामेभाऊ. वर्षा-दोन वर्षांतून एकदा जाणंही होतं. तरी त्यातल्या निम्म्या लोकांनी बडोदं म्हणजे स्टेशन, मावशीचा हॉल आणि परतीची गाडी एवढंच पाहिलेलं असतं. त्याला कारणं दोन. एक म्हणजे जेवणं, त्यावर पुढे सविस्तर येईनच. दुसरं म्हणजे सोमवार.

लाँग वीकेंडचा तिसरा दिवस बऱ्याचदा सोमवार असतो. सोमवारी लक्ष्मी विलास पॅलेस बंद, त्याच आवारातलं महाराजा फत्तेसिंग म्युझियम बंद, आणि केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळाही बंद. 'शनिवारी पोचू, आराम करू, रविवारी सगळ्यांना भेटू आणि सोमवारी निवांत फिरू' हा आपला नेहमीचा बेत बडोद्यात नेमका उलटा पडतो. सयाजीबागेतलं म्युझियम सरकारी आहे, त्यामुळे ज्या सार्वजनिक सुट्टीच्या जिवावर आपण निघालो त्याच सुट्टीला ते बंद असतं. म्हणून शक्य असेल तर शुक्रवारची सुट्टी पकडा. २०२६ मध्ये १ मे आणि २ ऑक्टोबर दोन्ही शुक्रवारी येतात. अर्थात मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा १ मे फक्त आमरसासाठी. सोमवारची सुट्टी घ्यावीच लागली तर स्थळदर्शन शनिवार-रविवारी उरका आणि सोमवारी शहराबाहेर चांपानेरला जा. तिथल्या मशिदींना सोमवारची सुट्टी नसते.

गाडी

मुंबई सेंट्रल ते बडोदा ३९२ किलोमीटर. वंदे भारत किंवा शताब्दीनं साडेचार-पाच तासांत पोचता येतं. रात्रीच्या गाड्या स्वस्त पडतात आणि दिवस वाचतो हे खरं, पण त्यातल्या बहुतेक बडोद्याला पहाटे तीन ते पाचच्या मध्ये सोडतात. मावशी 'अरे ये की, त्यात काय' म्हणते आणि खरोखर उठून चहा टाकते. मग घरातलं कुणीच पुन्हा झोपत नाही आणि पहिला दिवस जांभया देण्यात जातो. सकाळची शताब्दी घेतली तर अकराच्या सुमाराला आपण बडोद्यात आणि जेवणाच्या वेळेला घरी. यजमानांच्या दृष्टीनं हीच गाडी चांगली.

आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. लाँग वीकेंडची तारीख असेल तर उघडतं त्या सकाळीच बसा. तत्काळवर विसंबायचं असेल तर एसीसाठी आदल्या दिवशी सकाळी दहा आणि बिगर-एसीसाठी अकरा ही वेळ. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडून ठेवलेलं नसेल तर ऐनवेळी हात चोळत बसावं लागतं.

स्टेशनला दोन बाजू आहेत आणि घ्यायला येणारा माणूस हमखास दुसऱ्या बाजूला उभा राहतो. एक नंबरचा प्लॅटफॉर्म सयाजीगंजच्या बाजूला, एसटी डेपोही तिकडेच. उलट बाजूनं बाहेर पडलं की अलकापुरी. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी, कारेलीबागला जायचं तर सयाजीगंजकडून, गोत्री-वासणाकडे जायचं तर अलकापुरीकडून. हे भाच्याला फोनवर आधीच सांगून ठेवा. उज्जैन-रतलामकडून येणाऱ्यांनी तिकिटावरचं स्टेशन नीट वाचावं. त्या बाजूच्या अहमदाबादला जाणाऱ्या काही गाड्या आता मुख्य स्टेशनात येतच नाहीत, बाहेरच्या छायापुरीला थांबतात.

आपली गाडी घेऊन येणार असाल तर मुंबई सोडताना घोडबंदर-वसईचा पट्टा पहाटे पाचच्या आत पार करा. भरूच ते बडोदा हा टप्पा २०२४ पासून नव्या एक्सप्रेसवेवरून जातो. तिथे वेळ वाचतो, पण भरूचच्या आधीची ट्रकांची रांग काही टळत नाही. गाडीत भावजींसाठी 'काहीतरी' घेऊन जायचं मात्र डोक्यातून काढून टाका. गुजरातेत दारूबंदी आहे, परवान्याशिवाय बाटली जवळ बाळगणं हा गुन्हा आहे आणि हद्दीवर गाड्या तपासतात.

तीन घरं, तीन जेवणं

बडोद्यात एका घरी दुपारचं जेवण म्हणजे साडेबारा ते साडेतीन. आधी सरबत, मग पानं, मग 'थोडं पडा', मग चहा. तीन दिवसांत तीन घरी जेवलात तर फिरायला सकाळचे दोन-दोन तास उरतात. नाही म्हणता येत नाही, म्हणून जेवणं भूगोलाप्रमाणे वाटून घ्यायची. जुन्या शहरातल्या घरी (दांडिया बाजार, रावपुरा) जेवायला जाल त्या दिवशी सकाळी तांबेकर वाडा आणि मांडवी. मांजलपूरकडच्या घरी जाल त्या दिवशी पॅलेस. उरलेल्यांना 'जेवायला नाही, चहाला येतो' असं आठवडाभर आधी फोनवर सांगायचं. आयत्या वेळी सांगितलं तर रुसवे होतात. आणि बडोद्याच्या चहाबरोबर खमण, शेव-खमणी आणि भाकरवडी येते. रात्रीच्या जेवणाची भूक तिथेच संपते, हेही धरून चाला.

नेताना काय न्यावं? पुण्याची बाकरवडी नेऊ नका. बडोद्याला स्वतःची भाकरवडी आहे आणि तिच्यावरून वाद घालायला कोणी मोकळं नसतं. कोकम आगळ, मेतकूट, उकडा तांदूळ, कुळथाचं पीठ, आणि घरात वाचणारं कुणी असेल तर मराठी पुस्तकं. या वस्तू तिथे मिळतच नाहीत असं नाही, पण घरून आलेल्या म्हणून त्यांना मान असतो.

पॅलेस: पोचल्यावरच्या पहिल्या सकाळीच

लक्ष्मी विलास सकाळी उघडता उघडता गाठा. सुट्टीच्या दिवशी अकरानंतर सहलीच्या बसेस लागतात. सयाजीराव तिसरे यांच्यासाठी बांधलेला हा राजवाडा १८९० मध्ये पूर्ण झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, काम पुरं केलं रॉबर्ट चिझमनं. कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहिलेल्यांना मँटची शैली इथे लगेच ओळखू येते, मात्र बडोद्यात त्याच्या हाताशी खजिना बराच मोठा होता. 'बकिंगहॅमच्या चौपट' हे वाक्य तुम्हाला रिक्षावाल्यापासून आत्यापर्यंत प्रत्येक जण ऐकवेल, ऐकून घ्या. राजघराणं आजही इथे राहतं, म्हणून पाहायला मिळतो तो वाड्याचा एक भागच. आत फोटोला बंदी आहे. ऑडिओ गाइड घ्याच, नाहीतर ओळीनं नुसत्या खोल्या बघत बाहेर पडाल. फाटकापासून वाड्यापर्यंत आणि वाड्यातही चालणं भरपूर, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या काकांना टेकायला अधूनमधून वेळ द्या.

दरबार हॉलमध्ये सगळ्यांच्या माना वर जातात, झुंबरांकडे आणि रंगीत काचांच्या खिडक्यांकडे. तिथे खाली बघा. ही जमीन व्हेनिसच्या धर्तीच्या मोझेइकची आहे. बारीक दगडी तुकडे बसवून घासून अशी एकसंध केलीय की सांधा शोधावा लागतो. मग वरच्या लाकडी सज्जाकडे बघा. कोरीवकाम पाहून गुजरातेतल्या जुन्या हवेल्यांची आठवण येते. खिडक्या युरोपच्या आणि सज्जा इथला, हे एकाच दिवाणखान्यात सुखानं नांदतं. ऑगुस्तो फेलिची या इटालियन शिल्पकाराची शिल्पंही वाड्यात आहेत. शस्त्रागारात मुलं रमतात, त्यांना तिथे सोडून मोठ्यांनी जरा बसून घ्यावं.

फत्तेसिंग म्युझियमचं तिकीट वेगळं आहे आणि दमलेले लोक नेमकं तेच गाळतात. गाळू नका. राजा रविवर्म्याला सयाजीरावांनी बडोद्यात बोलावून पुराणकथांवरची चित्रं काढून घेतली, ती इथे भिंतीवर आहेत. आजीच्या देवघरातल्या कॅलेंडरवर आणि ओलिओग्राफवर ज्या चित्रांच्या नकला पिढ्यान्पिढ्या पाहिल्या, त्यांतल्या काहींची तैलरंगातली अस्सल रूपं समोर येतात. साडीच्या जरीवर पडलेला उजेड छापील चित्रात कधीच दिसत नाही, तो इथे एका बाजूनं उभं राहून पाहावा. पाऊण तास पुरतो.

बाहेर पडलं की कीर्तिस्तंभाच्या भागात महाकालीची सेव-उसळ. मिसळीच्या अपेक्षेनं जाऊ नका. मटकी नाही, फरसाण नाही. वाटाण्याचा पातळ, मसालेदार रस्सा, वर जाडसर शेव आणि कांद्याची हिरवी पात, सोबत पाव. लाल तर्री वेगळी देतात, ती स्वतःच्या हातानं घालायची. तिखटाचं प्रमाण तिथेच ठरतं. नवखे लोक पहिल्याच झटक्यात सगळी ओततात. शेवही एकदम घालू नये, दोन मिनिटांत तिचा लगदा होतो. थोडी घाला, खा, पुन्हा घाला. दुपारी जेवायला जायचं असेल तर दोघांत एकच प्लेट घ्या. यजमानीणबाईंना तोंडाचा वास कळतो.

जुनं शहर

जुन्या बडोद्याला चार दरवाजे, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी, आणि मधोमध मांडवी. हा भाग पायीच करायचा. रिक्षा आत घातली तर लग्नसराईची खरेदी संपेपर्यंत तिथेच अडकाल. सकाळी नऊला न्यायमंदिराच्या समोर, सूरसागरच्या काठाला उतरा. तलावाच्या मध्यभागी शंकराची उंच मूर्ती दिसते. तिचा फोटो दुपारी चांगला येत नाही, ऊन अंगावर येतं. तिथून लहेरीपुऱ्यातून मांडवीपर्यंत सरळ चालत जाता येतं. रिक्षाचं म्हणाल तर मीटरचा आग्रह धरणं फुकट आहे. आधी भाडं ठरवा, नाहीतर ॲपवरून बोलवा. ठरलेल्या रस्त्यावर माणसं भरत जाणाऱ्या रिक्षेला इथे 'शटल' म्हणतात, एकट्यादुकट्याला ती स्वस्त पडते. भाषेची अडचण नाही. दांडिया बाजारात तर दुकानदारच मराठीत बोलायला लागतो.

रावपुऱ्याच्या गल्लीतला तांबेकर वाडा हे बडोद्याचं सगळ्यात कमी पाहिलं जाणारं आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं ठिकाण. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचं हे घर. चार मजली, लाकडी, आता पुरातत्त्व खात्याकडे. बाहेरून बघून आत काही असेल असं वाटत नाही. वरच्या मजल्यावरच्या खोलीत शिरलं की जमिनीपासून छतापर्यंत भिंत कुठे मोकळी दिसत नाही. कृष्णलीला, महाभारत, लोककथा, आणि त्यांच्याच शेजारी इंग्रज-मराठा लढाई. चौकटी-चौकटींत गोष्ट पुढे सरकते, जणू भिंतभर पोथी उघडून ठेवलीय. मधेच युरोपीय बायकाही दिसतात. उजेड कमी असतो, म्हणून सकाळी दहा-अकराच्या सुमाराला जा. फ्लॅश मारू नका आणि रंगाला बोट लावणाऱ्या पोराला तिथेच आवरा, दीडशेहून जास्त वर्षांचा रंग आहे. कधी दार लावलेलं असतं. तेव्हा परत न फिरता आजूबाजूला विचारा, राखणदार जवळपास असतो.

दांडिया बाजारातलं अरविंद निवास जेवणाआधीच्या अर्ध्या तासात होतं. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोदा संस्थानाच्या सेवेत होते, त्या काळातलं त्यांचं हे घर. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या जमिनी आणि पोलादी मांडण्या आहेत, खालच्या मजल्यावरही उजेड पोचावा म्हणून. पण ते सरकारी, सुट्टीला कुलूप. शुक्रवार सुट्टीचा असेल तर शनिवारी चौकशी करून जा. याच दांडिया बाजारात कॅनरा कॉफी हाउस आहे आणि तिथे लोक 'पुना मिसळ' खायला जातात. पुणेकरांनी ती खाऊन गप्प राहावं.

नदीच्या अलीकडे, पलीकडे

सयाजीबागेला बडोदेकर कमाटीबाग म्हणतात. रिक्षावाल्याला तेच नाव सांगा. स्टेशनपासून किलोमीटरभर. बाग १८७९ ची, म्युझियम १८९४ चं. म्युझियममध्ये इजिप्तची ममी आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा हे मुलांचे दोन थांबे. मोठ्यांनी अकोट्याच्या जैन ब्राँझमूर्तींसाठी वेळ राखून ठेवावा. अकोटा आज बडोद्याचंच एक उपनगर आहे, मूर्ती तिथल्या जमिनीतून निघाल्या.

याच बागेत संकल्पभूमी आहे. परदेशी शिक्षण घेऊन १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना शहरात राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढलं आणि ते या बागेतल्या झाडाखाली येऊन बसले. शिष्यवृत्ती देणारं संस्थान हेच, आणि घर न देणारं शहरही हेच. मुलांना नेणार असाल तर ममीच्या आधी इथे न्या. नंतर ती दमलेली असतात आणि ऐकत नाहीत.

कीर्तिमंदिर बागेपासून फार लांब नाही, विश्वामित्रीच्या पुलाजवळ. गायकवाड घराण्याचं हे स्मारक. आतल्या भिंतींवर नंदलाल बसूंची भित्तिचित्रं आहेत, १९३९ ते १९४६ मध्ये केलेली. गंगावतरण, मीरा, टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा आणि महाभारतातलं युद्ध. तांबेकर वाड्याच्या भिंती सकाळी पाहिल्या असतील तर त्याच दिवशी दुपारी या पाहा. महाभारत एकच, पण वाड्यात ते गर्दीनं भिंतीला चिकटलेलं आणि इथे रेषेला श्वास घ्यायला जागा. संध्याकाळवर ढकलू नका, अंधारात भिंत वाचता येत नाही. पुलावरून नदी बघा, पण सेल्फीसाठी काठाला उतरू नका. विश्वामित्रीत मगरी आहेत, अगदी शहराच्या मधोमध, आणि हिवाळ्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या सहज दिसतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्तीतही शिरल्या होत्या. ऑगस्टचा लाँग वीकेंड ठरवताना पावसाकडे लक्ष ठेवा.

सोमवार: चांपानेर

बडोद्यापासून साधारण ५० किलोमीटर. एसटी मिळते, पण भावाची गाडी मिळाली तर तीच बरी, कारण मशिदी एकमेकींपासून लांब विखुरलेल्या आहेत. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्यानं १४८४ मध्ये चांपानेर घेतलं आणि राजधानी केली. पुढे ते ओस पडलं, म्हणूनच एवढं शिल्लक राहिलं. २००४ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे.

ज्येष्ठांना चांपानेरलगतच्या पावागड डोंगरावरच्या कालिकामातेचं दर्शन हवं असतं, ते आधी उरका. घरून पहाटे साडेपाचला निघालात तर पायथ्याला पावणेसात. पायथ्यापासून माचीपर्यंत एसटीच्या फेऱ्या असतात, माचीवरून रोपवे, आणि रोपवेनंतरही पायऱ्या आहेतच. 'रोपवेनं थेट देवळात' असं आत्याला सांगून नेऊ नका, वर गेल्यावर बोलणी बसतात. वारा जोराचा असला की रोपवे थांबवतात. रविवार, पौर्णिमा आणि दोन्ही नवरात्रांत रांग तासन्‌तास हलत नाही. सोमवारी त्या मानानं बरं. खाली उतरून साडेदहापर्यंत जामी मशिदीत. दगडी जाळ्या, घुमटांच्या आतलं कोरीवकाम, आणि खांबांच्या रानात भर दुपारीही गारवा. केवडा आणि नगीना या मशिदी थोड्या आत आहेत, तिकडे चिटपाखरू नसतं. वेळ कमी असेल तर जामी आणि केवडा एवढंच करा. पाणी बरोबर घ्या, आतल्या वाटांवर टपरी नाही.

केवडियाचा १८२ मीटरचा पुतळा याच तीन दिवसांत बसवायचा मोह होतो. बडोद्यापासून ९० किलोमीटर, आख्खा दिवस जातो, सुट्टीत वरच्या गॅलरीची तिकिटं ऑनलाइनच संपलेली असतात. चौथा दिवस असेल तरच जा.

उत्तरायणाच्या, म्हणजे १४-१५ जानेवारीच्या आसपास गेलात तर हे सगळं विसरा. दोन दिवस सगळं शहर गच्चीवर असतं, पतंग, उंधियू, जिलेबी. दुचाकीवर गळ्याला रुमाल गुंडाळल्याशिवाय बाहेर पडू नका, मांजा दिसत नाही.

परतीचं खाणं शेवटच्या दिवशी घ्या, पहिल्या नाही. लीलो चिवडा हा बडोद्याचा खास प्रकार. भिजवलेली चण्याची डाळ आणि बटाट्याचा कीस तळून केलेला, गोड-आंबट, हिरव्या मिरचीचा, आणि मुद्दाम ओलसर. तो कुरकुरीत नाही म्हणून परत करायला जाऊ नका, तसाच असतो. ओलसर म्हणूनच टिकत नाही, दोन-तीन दिवसांत संपवायचा. ऑफिसात वाटायला भाकरवडी घ्या, ती पंधरवडा राहते. दुलीरामचे पेढे रावपुऱ्यात, आणि ते पिशवीत चिवड्याच्या वर ठेवा, खाली नाही. चिवड्याचं तेल खाली उतरतं.